मालक पहाऱ्याला बसले तो मंगळवार

संपकरी जिंकले. अकराव्या वर्षी, एका बुधवारी सकाळी, सरकारच्या कामगार मंडळाने सांता आनातली ब्लँकेटांची गिरणी छपरासकट, एकोणीस मागांसकट आणि आवारातल्या नासपतीच्या झाडासकट संपकऱ्यांच्या नावे करून दिली. सह्या झाल्या, शिक्के बसले, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

ते आता विसरून जाऊ. असं काही झालंच नाही असं धरून चालू. त्या गिरणीतले लोकही तसंच धरून चालतात, आणि त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहिती आहे.

तर, गिरणी बंद होती.

गेटवर संपाचा लाल-काळा झेंडा होता. अकरा वर्षांच्या उन्हात लाल उडून गुलाबी झाला होता आणि काळा उडून राखी, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटे की आत कुणाच्या तरी बाळाचा बाप्तिस्मा आहे. झेंडा लावला की आतली सुईसुद्धा बाहेर नेता येत नाही, मालकाला नाही आणि मालकाच्या उरावर बसलेल्या बँकेलाही नाही. अट एवढीच, की झेंड्याखाली माणूस बसलेला हवा. रोज, अष्टौप्रहर. मंडळाचा बेलिफ वाटेल तेव्हा येऊन बघतो. खुर्ची रिकामी दिसली तर ‘संप संपला’ असं लिहून जातो, आणि मग अकरा वर्षं पाण्यात.

ओब्दुलिया त्लापालेच्या वाट्याला मंगळवार आणि शुक्रवार होता. शिवाय गुरुवारही होता, पण तो तिचा नव्हता, सेवेरोचा होता. सेवेरो तिच्यासोबतचा संपकरी, मागच्या फेब्रुवारीत वारला. मेलेल्या माणसाचं नाव यादीतून काढायला मंडळाची परवानगी लागते आणि ती अजून आलेली नव्हती. त्यामुळे दर गुरुवारी सेवेरोचा पहारा लागायचा, तो यायचा नाही, त्याच्या जागी ओब्दुलिया बसायची, आणि देल्फिनो रजिस्टरात त्याच्यापुढे ‘विनापरवाना गैरहजर’ असं लिहायचा. देल्फिनो संपाचा सेक्रेटरी. माणूस प्रामाणिक, पण कागदाच्या बाहेर त्याला फारसं दिसत नसे. रात्रीचा पहारा तोच करायचा. त्याला तशीही झोप लागत नव्हती.

सुरुवातीला त्रेचाळीस जण होते. आता सहा उरले होते, सेवेरो धरून. त्यातले दोघे भाऊ सिनालोआला टोमॅटो तोडायला गेले होते आणि दर नाताळला ‘आम्ही तुमच्या पाठीशी आहोत’ असं कार्ड पाठवत. म्हणजे खरं बघता तिघं. ओब्दुलिया, देल्फिनो आणि मागाली. मागालीची जीभ तिच्या हातातल्या धोट्यापेक्षा वेगाने चालायची. आता धोटा बंद होता, म्हणून सगळा जोर जिभेत आला होता.

भांडण साधं होतं. नऊ आठवडे मजुरी मिळाली नव्हती. दहाव्या आठवड्याला मालकांनी मजुरीच्या बदल्यात ब्लँकेटं दिली. सांता आनात ब्लँकेटं देणं म्हणजे कोळ्याला मासळी बक्षीस देणं. इथे घरटी एक माग आहे. कुत्रीसुद्धा लोकरीवर झोपतात. ओब्दुलियाच्या वाट्याला बावीस ब्लँकेटं आली. तिने एक विकायला बाजारात नेलं, तर गिऱ्हाइकाने स्वतःचंच तिला विकायचा प्रयत्न केला. त्या संध्याकाळी झेंडा लागला.

पुएब्लाचा एक भंगारवाला मागांना चांगली किंमत द्यायला तयार होता. निकाल लागला की माग विकायचे, पैसे वाटून घ्यायचे. त्या पैशांत ओब्दुलियाला काय करायचं होतं हे तिने एकदाच मागालीला सांगितलं होतं.

“काही नाही,” ती म्हणाली होती.

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. मंगळवारी घरी बसायचं. उठायचं, मक्याचं गरम आतोले करायचं, प्यायचं, आणि कुठंही जायचं नाही.”

“एवढंच? अकरा वर्षं उन्हात बसून?”

“बसूनच तर कंटाळा आलाय, पोरी.”

ओब्दुलियाला बासष्टावं वर्ष लागलं होतं आणि उजवा गुडघा त्याच्याही पुढे निघून गेला होता.

*

मालकांचं नाव एवारिस्तो सामोरा. पहिल्या वर्षी ते पोलीस घेऊन आले. दुसऱ्या वर्षी वकील घेऊन आले. तिसऱ्या वर्षी एकटेच आले. चौथ्या वर्षी खुर्ची घेऊन आले, कारण उभं राहून भांडायला पाय साथ देईनात. तोवर बँकेने त्यांचं घर घेतलं होतं आणि ते समोरच्या गल्लीत भावजयीकडे राहत होते. भावजय नऊ वाजता फरशी पुसायला घ्यायची आणि फरशीवर कुणी असलेलं तिला चालत नसे. म्हणून मालक नऊला यायचे, संध्याकाळी जायचे. कामाच्या वेळा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या काटेकोर पाळल्या.

देल्फिनो त्यांना ‘विरुद्ध पक्ष’ म्हणायचा. “विरुद्ध पक्षाला कॉफी हवीय का विचारा.” विरुद्ध पक्षाला कॉफी हवी असायची, दोन चमचे साखर घालून.

एवढ्या वर्षांत संपकऱ्यांचं नाव पंचक्रोशीत झालं होतं. कुणाचाही मालक पगार बुडवू लागला, की लोक आधी देवळात जात, मग ओब्दुलियाकडे. त्या वसंतात शिवणकामाच्या कारखान्यातल्या दोन बायका आल्या. पाच आठवडे पैसे नव्हते.

“कामावर घेताना कोऱ्या कागदावर सही घेतली का?” ओब्दुलियाने विचारलं.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

“घेतली म्हणजे. बरं. आता पुन्हा कशावरही करू नका. पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवा, फाटलेल्यासुद्धा. किती वाजता आलात, किती वाजता गेलात, एका वहीत लिहा. मंडळात लवकर जा. दोन महिने गेले की म्हणतात, इतके दिवस झोपला होता का. एकटी जाऊ नका. वस्तू देतो म्हणाला तर घेऊ नका.”

“आणि तो रडायला लागला तर?” त्यातली एक म्हणाली. “आमचा रडतो हो.”

“रडू द्या. पाणी द्या. सही देऊ नका.”

“पण बाई,” मालक आपल्या खुर्चीवरून म्हणाले, “त्याच्याकडे खरंच पैसे नसतील तर? ती बाजूही सांगा ना त्यांना.”

“तुम्ही गप्प बसा. तुम्ही विरुद्ध पक्ष आहात.”

“मी आपलं सर्वसाधारण बोललो.”

“आणि खुर्ची चांगली घ्या,” ओब्दुलिया त्या बायकांना म्हणाली. “हाताची. पहिल्या दिवशी वाटतं, काय करायचीय.”

*

सरकारी इस्पितळातून गुडघ्याची तारीख मिळायला चौदा महिने लागले, आणि ती नेमकी मंगळवारची मिळाली. सकाळी अकरा.

ओब्दुलियाने सगळं करून बघितलं. देल्फिनोला त्याच दिवशी खटल्याच्या कामासाठी मंडळात हजर राहायचं होतं. मागालीचा नवरा त्या वर्षी वस्तीतल्या संताच्या उत्सवाचा यजमान होता, म्हणजे मागालीला चारशे माणसांसाठी मिरच्यांचं दाट कालवण, मोले, रांधायचं होतं. “मी मिरच्यांत बुडालेय गं,” ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. कोपरापर्यंत लाल होती. भाऊ सिनालोआत होते. सेवेरो आपल्या जागी होता.

मंगळवारी सकाळी ओब्दुलिया चांगला झगा घालून, इस्पितळाचं पत्र पदराआड धरावं तसं शालीत धरून झेंड्याखाली बसली होती. नऊला मालक आले. खुर्ची उघडली, टोपी गुडघ्यावर ठेवली.

“आज नटलात?”

“दवाखान्यात जायचं होतं. राहिलं.”

“का?”

तिने झेंड्याकडे बोट दाखवलं.

“मग जा ना,” मालक म्हणाले.

“आणि इथं?”

“इथं मी बसतो.”

ओब्दुलियाने त्यांच्याकडे नीट बघितलं. “मालक, हा पहारा तुमच्यावर आहे.”

“ठाऊक आहे. माझ्यावर लक्ष ठेवायचं ना? मी ठेवतो. माझ्यावर माझ्याइतकं जवळून कोण लक्ष ठेवणार?”

“चेष्टा नको.”

“चेष्टा नाही, बाई. तुमचा झेंडा उतरला तर उद्या सकाळी बँकेचा ट्रक येईल. तुम्हाला माग मिळायचे नाहीत, आणि मलाही नाही. तुमच्याकडे गेले तर निदान समोरून बघता तरी येतील. तुम्हाला काय वाटलं, मी इथं तुमच्या कॉफीसाठी येतो? ती तर कडू असते.”

“साखर तुम्हीच घालता.”

“म्हणूनच दोन चमचे घालतो.”

पावणेदहा झाले होते. बस दहाला सुटायची. ओब्दुलियाने रजिस्टर पुढे केलं, कारण रिकामा रकाना बघून देल्फिनोला चक्कर आली असती. नाव, हजेरी नंबर, वेळ, सही. मालकांनी नाव लिहिलं आणि न थांबता पुढे एकतीस लिहिलं.

“हा कसला नंबर?”

“माझा. बापाने मला दोन वर्षं रंगखात्यात घातलं होतं. म्हणाला, मालक व्हायचंय तर आधी हात निळे होऊ देत. हजेरीपटावर एकतीस नंबर.”

“आणि मजुरी?”

“कुठली मजुरी? म्हणाला, सगळं तुझंच तर आहे.”

घराण्याचीच रीत म्हणायची, असं ओब्दुलियाच्या ओठांवर आलं होतं, पण बस चुकली असती.

*

इस्पितळाच्या गेटवर लाल-काळा झेंडा होता.

ओब्दुलियाला आधी वाटलं, आपण फिरून गिरणीशीच आलो. पण हा झेंडा नवा होता, रंग इतके ताजे की डोळ्यांत जात होते. खाली परिचारिका, वॉर्डातल्या बायका आणि एक क्ष-किरणवाला बसले होते. चार पंधरवडे पगार नव्हता. तातडीचे रुग्ण तेवढे आत घेत होते, आणि गुडघ्याला तातडीचं कुणी मानत नाही.

तिने कापड चिमटीत धरून बघितलं. “पॉलिस्टर आहे. दोन पावसाळे टिकेल. आतून दुसरं शिवून घ्या.”

“तुम्ही कोण?” एका परिचारिकेने विचारलं.

“सांता आनाची ब्लँकेट गिरणी. अकरावं वर्ष.”

सगळे उठून उभे राहिले. तिला खुर्ची दिली, मक्याचे वाफवलेले तमाले दिले, बिशप आल्यासारखी जागा करून दिली. क्ष-किरणवाला लाजत लाजत म्हणाला, “मावशी, साधारण किती दिवस लागतात हो यात?”

ओब्दुलियाने त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या टोप्या अजून पांढऱ्या होत्या. कुणी विणकाम आणलं नव्हतं. कुणाकडे छत्रीही नव्हती.

“होतं लवकर,” ती म्हणाली. आयुष्यात ती जे थोडं खोटं बोलली त्यातलं हे सगळ्यात मोठं.

मग एकीला घरी जाऊन बाळाला पाजून यायचं होतं, म्हणून ओब्दुलिया अर्धा तास तिच्या जागी बसली. सवयीने रजिस्टरात सही केली. जाताना तारखा देणाऱ्या बाईने, संपावर असूनही, केवळ बंधुभावापोटी, तिला गुपचूप नवी तारीख लिहून दिली. चौदा महिन्यांनंतरची.

चारला ती गिरणीशी उतरली, तेव्हा मालक झेंड्याखाली ताठ बसले होते. पाठ खुर्चीला टेकलेली नव्हती.

“बेलिफ येऊन गेला,” ते म्हणाले.

ओब्दुलियाने आधी रजिस्टर उघडलं. “मग?”

“नवीन आहे. मला ओळखत नाही. म्हणाला, पहाऱ्यावर कोण? म्हटलं, मी. नाव? सांगितलं. नंबर? एकतीस. त्याने जुना हजेरीपट काढून बघितला. बाई, मी अजून आहे त्यात! कुणी काढलंच नाही मला.”

“आणि मग गेला?”

“नाही. म्हणाला, मालकाबद्दल तुमची काय तक्रार आहे?”

“तुम्ही काय सांगितलंत?”

मालकांनी टोपी हातात फिरवली. “आता विचारलंच त्याने. आणि एकदा बोलायला लागलो तर थांबताच येईना. दोन वर्षं रंगात हात घातले, दमडी नाही. रविवारीसुद्धा. पाऊण पान झालं.”

“सही केलीत?”

“केली.”

“मी त्या बायकांना काय सांगितलं होतं तुमच्यासमोर?”

“मला वाटलं, ते फक्त कामगारांसाठी होतं,” मालक म्हणाले.

*

पाच आठवड्यांनी, त्या बुधवारी, बेलिफ निकाल घेऊन आला. आपण विसरून जायचं ठरवलं होतं तो हाच, पण आता वाटेत आलाच आहे. गेटसमोर सगळे उभे होते. मागालीने मोलेचं पातेलं आणलं होतं. देल्फिनोने टाय घातला होता आणि तो त्याला फास लावल्यासारखा दिसत होता. मालक रस्त्याच्या पलीकडे उभे होते, कारण अशा वेळी जवळ उभं राहणं बरं दिसत नाही.

बेलिफने वाचलं. गिरणी, माग, झाड, सगळं सहा संपकऱ्यांना. सेवेरोलासुद्धा. देल्फिनोने झेंडा उतरवला, घडी घातली, आणि घडी घालताना एकदम रडला. टाळ्या मागालीने वाजवल्या. ओब्दुलियाने मनातल्या मनात पुढचा मंगळवार मोजला. सहा दिवस होते.

“एक पुरवणी आहे,” बेलिफ म्हणाला.

“कसली?”

“कामगार क्रमांक एकतीस. यांचं नाव निकालाचा मसुदा टाइप झाल्यावर आलं, त्यामुळे गिरणीत वाटा नाही. त्यांची तक्रार वेगळी नोंदली आहे. तुमची सहा जणांची मजुरी गिरणी मिळाल्याने फिटली. यांची बाकी आहे. ती मिळेपर्यंत माग हलवायचे नाहीत.”

“पण ते मालक आहेत!” मागाली ओरडली.

“कोण?”

“एकतीस नंबर! तो पलीकडे टोपी घेऊन उभाय तो! तोच तर मालक!”

बेलिफने कागद चाळले. “मालक सलग सात तारखांना गैरहजर होते असं इथं लिहिलंय.”

“इथं बसले होते ना! आमच्यासोबत!”

“मग हजर का झाले नाहीत?”

मागालीने देल्फिनोकडे बघितलं. देल्फिनोने घसा साफ केला. “साहेब, तांत्रिक शंका. त्या कामगाराची मजुरी देणार कोण?”

“मालक.”

“आणि मालक कोण?”

बेलिफने पुन्हा पहिलं पान काढलं, बोटाने ओळ शोधली आणि मान वर केली. “तुम्ही,” तो म्हणाला. “अभिनंदन.”

मालकाचा प्रतिनिधी म्हणून एकाची सही लागत होती. सगळ्यांनी ओब्दुलियाकडे बघितलं. एकतीस नंबरला पहाऱ्यावर बसवलं कोणी होतं? तिने सही केली.

रस्ता ओलांडून एवारिस्तो आले. त्यांना आधी काही कळेना, मग कळल्यावर ते इतके शरमले की टोपी उलटी घातली. “छे छे, मागे घेतो ना मी. आत्ता घेतो. मला काय करायचंय?”

“मागे घ्यायला दोन्ही पक्षांनी मंडळात हजर राहावं लागेल,” बेलिफ म्हणाला. “सगळ्यात जवळची तारीख पुढच्या मार्चमध्ये आहे. तोवर ही तुमची प्रत.”

चूक झाली ती इथे. त्या माणसाला प्रत द्यायला नको होती.

*

दुसऱ्या दिवशी एवारिस्तो नऊला आले, पण बसले नाहीत.

“ओब्दुलियाबाई, मी रात्री ते वाचलं. पाऊण पान. पुन्हा पुन्हा वाचलं.” त्यांचे डोळे सुजले होते. “माझ्यावर खरंच अन्याय झालाय हो. मला कल्पनाच नव्हती.”

“तुमच्या बापाने केलाय. थडग्यावर जाऊन बोला.”

“बाप मेला. गिरणी आहे. आणि कायदा म्हणतो, गिरणी ज्याची, देणं त्याचं. मला एकदा, फक्त एकदा, मजुरीचं पाकीट हातात घ्यायचंय. त्रेसष्ट वर्षांचा झालो. लोकांना दिली...”

“कुणाला?” मागालीने विचारलं.

“सुरुवातीला दिली. मला कुणी दिली नाही.”

ओब्दुलियाच्या मनात आलं की हा माणूस नाटक करतोय. मग तिने त्यांच्या हातांकडे बघितलं. नखांच्या मुळाशी अजून थोडी निळाई होती, चाळीस वर्षांपूर्वीची. किंवा मग सावली असेल. तिला नीट बघायचंही त्राण नव्हतं.

“किती होतात?” तिने विचारलं.

आकडा देल्फिनोने हिशेब करून सांगितला. दोन वर्षांची मजुरी, तीवर इतक्या वर्षांचं व्याज. भंगारवाला मागांचे जेवढे देणार होता त्याहून तो थोडा जास्तच होता.

ओब्दुलिया घरी गेली आणि हातगाडीवर बावीस ब्लँकेटं घेऊन आली. गाडी एवारिस्तोंसमोर उभी केली. “घ्या. निळी, तपकिरी, दोन लाल. कसर लागलेली नाही. आणि सोडा आम्हाला.”

एवारिस्तोंनी वरच्या ब्लँकेटाचा पोत हाताने बघितला. माल चांगला होता. त्यांच्याच गिरणीतला होता.

“ब्लँकेटं?” ते हळूच म्हणाले. “बाई, सांता आनात ब्लँकेटं कोण घेतं?”

मग मागाली हसायला लागली. ती इतकी हसली की तिला फुटपाथवर बसावं लागलं, आणि बसल्यावर ती रडत होती की काय हे कुणाला नीट कळलं नाही. देल्फिनोही हसला, तोंडावर फाइल धरून. ओब्दुलियाला हसू आलं नाही. अकरा वर्षांपूर्वी हेच वाक्य तिने याच माणसाला याच जागी ऐकवलं होतं, तेव्हा त्याने घड्याळात बघितलं होतं.

दुपारी एवारिस्तोंनी देल्फिनोकडे झेंडा मागितला.

“कशाला?”

“मजुरी थकली की लावतात ना?”

देल्फिनोने कायद्याचं पुस्तक काढलं, तीन पानं वाचली आणि झेंडा काढून दिला. कायदा स्पष्ट होता. लावायला शिडीही त्यानेच धरली. झेंडा उलटा लागला होता, पण त्या दोन रंगांत आता उलटसुलट कळण्यासारखं काही उरलं नव्हतं.

खरी अडचण संध्याकाळी लक्षात आली. बेलिफचा निरोप आला की गिरणीवर बँकेचं कर्ज तसंच आहे आणि तेही नव्या मालकांच्या, म्हणजे ओब्दुलिया आणि मंडळींच्या डोक्यावर आलं आहे. बँक ट्रक पाठवायला मोकळी आहे. थांबलीय ती फक्त झेंड्यामुळे. आणि झेंडा आता एवारिस्तोंचा आहे. एक माणूस दिवसरात्र बसू शकत नाही. त्यांची खुर्ची एकदा रिकामी दिसली, की संप संपला आणि माग गेले.

“म्हणजे आपल्याविरुद्धचा संप टिकवायला हवा,” देल्फिनो म्हणाला.

“कोणी?” मागालीने विचारलं, पण तिला उत्तर माहीत होतं.

देल्फिनोने पट्टीने रेघा मारून नवं वेळापत्रक आखलं. त्याला त्यात मनापासून आनंद होत होता, हे त्याने लपवलं नाही. सोमवार मागाली. बुधवार आणि सगळ्या रात्री स्वतः. गुरुवार सेवेरो. शनिवार आणि रविवार एवारिस्तो सामोरा, अर्जदार. “ओब्दुलियाबाई,” तो म्हणाला, “तुम्हाला मंगळवार आणि शुक्रवार. सवयीचे आहेत म्हणून तेच ठेवले.”

तिने देल्फिनोकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि गेटच्या पायरीवर बसून लिहू लागली. शब्द तिला शोधावे लागले नाहीत. अकरा वर्षांत ती भाषा अंगवळणी पडली होती.

‘प्रति, मा. अध्यक्ष, कामगार मंडळ. विषय: अधोस्वाक्षरीकर्तीचे नाव वगळण्याबाबत. महोदय, अधोस्वाक्षरीकर्ती ही सदर प्रकरणात कामगार म्हणून, मालक म्हणून, मालकाचा प्रतिनिधी म्हणून, पहारेकरी म्हणून व मयत सेवेरो याच्या जागी बदली म्हणून नोंदलेली आहे. तरी विनंती की, हा अर्ज पोहोचल्याच्या तारखेपासून अधोस्वाक्षरीकर्तीस वरीलपैकी कोणीही नाही असे घोषित करावे. तिला कोणाकडून काही येणे नाही व कोणास काही देणे नाही, याची नोंद घ्यावी. आणि ती यापुढे कोणीही नसल्याबद्दलचा दाखला, गोल शिक्क्यासह, दोन प्रतींत, तिच्या राहत्या घरी पोस्टाने पाठवण्याची कृपा करावी. दाखला घेण्यासाठी समक्ष हजर राहण्यास सांगू नये.’